पक्ष हरला, नेता गेला, पुढे काय? ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसासाठी मार्गदर्शक

ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक हरलेल्या पक्षाचा नेता सहसा फार काळ पदावर राहत नाही. ४ जुलै २०२४ ला मतदान झालं, हुजूर पक्ष (कॉन्झर्व्हेटिव्ह) १२१ जागांवर घसरला, आणि दुसऱ्याच दिवशी ऋषी सुनक यांनी डाउनिंग स्ट्रीटवर पंतप्रधानपदाच्या राजीनाम्याबरोबर पक्षाचं नेतेपदही सोडणार असल्याचं जाहीर केलं. नवा नेता मिळायला मात्र २ नोव्हेंबर उजाडला. मधल्या चार महिन्यांत काय चाललं होतं, त्यात साध्या सभासदाला कितपत वाव होता आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला त्यात भाग घेता येतो का, हे प्रश्न इथे नव्याने आलेले लोक नेहमी विचारतात.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हो, घेता येतो. आणि घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. काँग्रेसने ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्षपदासाठी मतदान घेतलं तेव्हा मतदार होते नऊ हजारांहून जास्त प्रतिनिधी. गावातल्या साध्या सभासदाला मत नव्हतं. इथे वर्गणी भरणारा सभासद थेट मत देतो, आणि हरलेल्या पक्षाचा हा नेता पुढे पंतप्रधानही होऊ शकतो. २००५ चे डेव्हिड कॅमेरन आणि २०२० चे किअर स्टार्मर, दोघंही याच वाटेने आले.

आधी नाव कुठे कुठे हवं ते बघा

दोन वेगळ्या याद्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली यादी मतदारांची. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, व्हिसावर का होईना, इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं आणि संसदेच्या तसंच स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. कित्येकांना हे इथे येऊन वर्षं उलटली तरी ठाऊक नसतं. सरकारी संकेतस्थळावर नॅशनल इन्शुरन्स क्रमांक टाकून नोंदणी होते, काही मिनिटांचं काम आहे. आजच करून टाका.

दुसरी यादी पक्षाच्या सभासदांची. नेतेपदाच्या निवडणुकीत हीच कामाला येते. सभासद होण्यासाठीही नागरिकत्वाची अट नाही. मजूर पक्षात (लेबर) चौदाव्या वर्षापासून सभासद होता येतं. परदेशी नागरिक असाल तर इथे वर्षाहून जास्त वास्तव्य असावं, असं त्यांच्या नियमावलीत आहे. हुजूर पक्षही परदेशी नागरिकांना सभासद करून घेतो. सरकारी किंवा कौन्सिलमधली नोकरी असेल, तर राजकीय कामाबाबत तुमच्या नोकरीचे नियम काय म्हणतात, ते अर्ज करण्याआधी वाचा. वरच्या काही पदांना बंधनं असतात. वर्गणीपलीकडे देणगी द्यायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: ५०० पौंडांच्या वरची देणगी पक्ष मतदार यादीत नाव असलेल्या व्यक्तीकडूनच घेऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सभासद कधी झालात, यावर तुम्हाला मत मिळणार की नाही हे ठरतं. २०२४ मध्ये हुजूर पक्षाने मतदान बंद होण्याआधी किमान ९० दिवसांच्या सभासदत्वाची अट घातली होती. ऑक्टोबरात शेवटचे दोन उमेदवार ठरले, बातम्या रंगल्या, तेव्हा जाऊन वर्गणी भरणाऱ्याच्या हाती मतपत्रिका आली नाही. मजूर पक्षाचा नियम २०२१ पासून आणखी कडक आहे, सहा महिन्यांचा. म्हणजे ज्या पक्षाच्या विचाराशी तुमचं जुळतं, त्यात पराभवाच्या आधीच असलेलं बरं. नेता पडल्यावर धावपळ केली तर बहुधा उशीर झालेला असतो.

मजूर पक्षाने एके काळी दार सताड उघडं ठेवलं होतं. २०१५ मध्ये फक्त तीन पौंड भरून 'नोंदणीकृत समर्थक' म्हणून कुणालाही मत देता येत होतं. २०१६ मध्ये ती फी २५ पौंड झाली आणि नोंदणीची मुदत जेमतेम दोन दिवसांची. २०२१ मध्ये तो प्रकारच बंद झाला. तेव्हा जुन्या लेखांत 'तीन पौंडांत मत' असं वाचलंत तर त्यावर जाऊ नका.

एक बाजूचा रस्ता अजून उघडा आहे, आणि तो आपल्या बऱ्याच लोकांच्या कामाचा आहे. मजूर पक्षाशी संलग्न कामगार संघटनांचे सभासद 'संलग्न समर्थक' म्हणून नेतेपदासाठी मत देऊ शकतात. युनिसन, युनाइट, जीएमबी, अस्डॉ या संलग्न आहेत. रुग्णालयात किंवा केअर होममध्ये काम करणारे, बसचालक, सुपरमार्केटमधले कर्मचारी यांच्यातले बरेच जण या संघटनांत असतात. मात्र डॉक्टरांची बीएमए आणि परिचारिकांची आरसीएन पक्षाशी संलग्न नाहीत. आपली संघटना कोणती आणि आपली वर्गणी राजकीय निधीला जाते का, हे शाखेच्या प्रतिनिधीला विचारा.

वेळापत्रक कोण लावतं

हुजूर पक्षात खासदारांच्या मतदानाच्या फेऱ्या '१९२२ कमिटी' घेते. ही सरकारात किंवा पक्षाच्या पहिल्या फळीत नसलेल्या खासदारांची संघटना. २०२४ मध्ये तिचे अध्यक्ष होते बॉब ब्लॅकमन, हॅरो ईस्टचे खासदार. लंडनमधली भारतीय वस्ती माहीत असलेल्यांना हे नाव नवं नसेल, भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली आहे. मजूर पक्षात हे काम राष्ट्रीय कार्यकारिणीचं, म्हणजे एनईसीचं. सभासदत्वाची शेवटची तारीख, अर्जांची मुदत, मतदानाचा कालावधी हे सगळं तीच ठरवते. नियम दर वेळी थोडे बदलतात, त्यामुळे पराभवानंतरच्या आठवड्यात पक्षाकडून येणारा पहिला ईमेल नीट वाचा आणि जपून ठेवा.

निवडणूक लांबली की 'किती दिवस चालवणार' अशी कुरकुर होतेच. मला लांबलेली निवडणूक बरी वाटते. हरलेल्या पक्षाला घाई कसली? पुढची सार्वत्रिक निवडणूक चार-पाच वर्षांवर असते. हुजूर पक्षाचे नेते मायकल हॉवर्ड यांनी मे २००५ मधल्या पराभवानंतर लगेच जाण्याची घोषणा केली, पण नवा नेता येईपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, ते थांबले. त्या वेळामुळेच सुरुवातीला मागे असलेल्या कॅमेरन यांना लोकांनी पारखून घेतलं. ब्लॅकपूलच्या अधिवेशनात त्यांनी हातात कागद न घेता भाषण केलं आणि आघाडीवर असलेल्या डेव्हिड डेव्हिस यांचं भाषण पडलं. त्यानंतर खासदारांच्या पहिल्या फेरीत डेव्हिस ६२, कॅमेरन ५६. दुसऱ्या फेरीत कॅमेरन ९०, डेव्हिस ५७. सभासदांच्या मतदानात कॅमेरन यांना १,३४,४४६ मतं, डेव्हिस यांना ६४,३९८.

खासदारांच्या फेऱ्या: इथेच खरा खेळ

हुजूर पक्षाच्या सभासदाला फक्त शेवटच्या दोघांतला एक निवडायचा असतो. ते दोघं कोण, हे खासदार ठरवतात. म्हणून हा टप्पा समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

२०२४ मध्ये अर्ज भरायला सूचक, अनुमोदक आणि आणखी आठ खासदार, म्हणजे एकूण दहा जणांचा पाठिंबा लागत होता. सहा जण उतरले: केमी बेडनॉक, रॉबर्ट जेनरिक, जेम्स क्लेव्हर्ली, टॉम टुगेनहाट, मेल स्ट्राइड आणि प्रीती पटेल. मतदान गुप्त. दर फेरीत सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद. ४ सप्टेंबरला १४ मतांवर पटेल बाहेर पडल्या, १० सप्टेंबरला १६ मतांवर स्ट्राइड. मग मध्ये बर्मिंगहॅमचं अधिवेशन आलं, उरलेल्या चौघांनी सभासदांसमोर भाषणं केली. क्लेव्हर्ली यांनी पक्षाच्या चुकांबद्दल सरळ माफी मागितली, आणि आपण जरा साध्या माणसांसारखं वागू या, असं सांगितलं. सभागृहाला ते भावलं.

८ ऑक्टोबरच्या तिसऱ्या फेरीत त्याचा परिणाम दिसला. क्लेव्हर्ली २१ वरून ३९ वर गेले. जेनरिक ३१, बेडनॉक ३०, आणि २० मतांवर टुगेनहाट बाद. आता टुगेनहाट यांची २० मतं कुठे जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि क्लेव्हर्ली अंतिम दोघांत जाणार हे सगळे धरूनच चालले होते. दुसऱ्या दिवशी आकडे आले: बेडनॉक ४२, जेनरिक ४१, क्लेव्हर्ली ३७. क्लेव्हर्ली बाद.

कागद-पेन घेऊन ही बेरीज एकदा स्वतः करा. बेडनॉक यांना १२ मतं वाढली, जेनरिक यांना १०, क्लेव्हर्ली यांची दोन घटली. एका रात्रीत आघाडीचा उमेदवार स्वतःची मतं गमावतो, याचं कारण काय? तेव्हा सगळीकडे एकच चर्चा होती: त्यांच्या काही समर्थकांनी, आपला माणूस तर पोचलाच असं समजून, अंतिम फेरीत समोर सोपा प्रतिस्पर्धी यावा म्हणून मतं दुसरीकडे वळवली. मतदान गुप्त असल्यामुळे नेमकं कुणी काय केलं ते कळायला मार्ग नाही. पण १२१ खासदारांच्या पक्षात दोन-चार मतांनी काय उलथापालथ होते, हे यातून समजतं. २००१ मध्ये तर आणखी बारीक फरक होता. केनेथ क्लार्क ५९, इयन डंकन स्मिथ ५४, मायकल पोर्टिलो ५३. एका मताने पोर्टिलो बाहेर.

सभासद म्हणून या टप्प्यात तुम्ही अगदीच हात बांधून बसलेले नसता. तुमच्या भागातला खासदार पक्षाचा असेल तर त्याला पत्र लिहा. कुणाला पाठिंबा देताय आणि का, असं विचारा. मतदारसंघातल्या माणसाचं मुद्देसूद पत्र खासदाराच्या कार्यालयात वाचलं जातं. दहा ओळी पुरेत. आपला पत्ता जरूर लिहा, कारण खासदार आपल्याच मतदारसंघातल्या लोकांना उत्तर देतात.

मजूर पक्षाची वाट वेगळी आहे

इथे खासदार चाळणी लावतात, पण शेवटच्या दोघांवर आणून ठेवत नाहीत. सध्याच्या नियमाप्रमाणे उमेदवाराला पक्षाच्या २० टक्के खासदारांचं नामांकन लागतं. २०२० मध्ये ही अट १० टक्के होती. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये पक्ष २०२ जागांवर आला होता, १९३५ नंतरची सर्वांत वाईट अवस्था.

खासदारांनंतरची पायरी मला सगळ्यात आवडते, कारण ती गल्लीत घडते. उमेदवाराला किमान पाच टक्के मतदारसंघ शाखांचा किंवा ठराविक संलग्न संघटनांचा पाठिंबा मिळवावा लागतो. शाखेची बैठक असते एखाद्या चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये. घडीच्या खुर्च्या, मागे टेबलावर चहा-बिस्किटं, दारात सभासद यादी घेऊन बसलेला सचिव. ज्याला बोलायचं तो उठून आपल्या पसंतीच्या उमेदवारासाठी दोन-तीन मिनिटं बोलतो. वेळ संपला की अध्यक्ष थांबवतात, मग तो कौन्सिलर असो की पहिल्यांदाच आलेला विद्यार्थी. नंतर मतदान. नवख्या माणसाने बोललंच पाहिजे असं नाही, पण जायला हवं. पक्ष खरोखर कुणाचा आहे, हे त्या हॉलमध्ये कळतं. आणि अशा बैठका फुकट जात नाहीत: २०२० मध्ये एमिली थॉर्नबेरी यांना ३३ शाखा हव्या होत्या, ३१ मिळाल्या आणि त्या शर्यतीतून बाहेर गेल्या. दोन हॉलमधले दोन निकाल उलटे लागले असते तर त्यांचं नाव मतपत्रिकेवर असतं.

अंतिम मतदान पसंतीक्रमाने होतं. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलं आहे त्यांना हे शिकवायला नको: १, २, ३ असे क्रमांक द्यायचे, कुणालाच पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. दुसरी पसंती रिकामी सोडू नका. २०१० च्या पराभवानंतर डेव्हिड मिलिबँड पहिल्या तिन्ही फेऱ्यांत पुढे होते. चौथ्या फेरीत धाकटे भाऊ एड ५०.६५ टक्क्यांवर गेले आणि डेव्हिड ४९.३५ वर राहिले. तेव्हा मतांचं वजन खासदार, सभासद आणि संघटना असं तीन भागांत वाटलेलं होतं. आता प्रत्येकाचं मत सारखं.

लिबरल डेमोक्रॅट्सबद्दल एवढंच: त्यांचा नेता खासदार असावा लागतो. २०१९ मध्ये नेत्या असलेल्या जो स्विन्सन स्वतःच १४९ मतांनी हरल्या आणि त्यांचं नेतेपद आपोआप गेलं. ऑगस्ट २०२० मध्ये सभासदांनी एड डेव्ही यांना निवडलं.

उमेदवार कसा जोखायचा

भाषणं चांगली सगळेच करतात. माझ्या मते पहिला प्रश्न एकच विचारायचा: आपण का हरलो, याचं उत्तर हा माणूस काय देतो? सगळा दोष आधीच्या नेत्यावर, वर्तमानपत्रांवर किंवा मतदारांच्या अज्ञानावर टाकणारा उमेदवार पक्षाला पुन्हा तिथेच नेतो. उत्तरं वेगवेगळी असू शकतात आणि ती ऐकण्यासारखी असतात. २०२४ मध्ये जेनरिक यांचा भर स्थलांतरावर आणि मानवी हक्कांच्या युरोपीय करारातून बाहेर पडण्यावर होता. बेडनॉक म्हणत होत्या की आधी तत्त्वं ठरवू, धोरणांच्या याद्या नंतर. व्हिसावर राहणाऱ्या आपल्या माणसाला यातलं कुठलं उत्तर पटतं, याचा विचार त्याने स्वतःच्या घरापुरता जरूर करावा, पण हा माणूस सगळ्या देशाला पटेल का, हेही विचारावं.

दुसरं, उमेदवाराच्या मागे खासदार किती आहेत ते बघा. डंकन स्मिथ यांना सभासदांनी १,५५,९३३ मतं दिली, क्लार्क यांना १,००,८६४. पण खासदारांच्या अखेरच्या फेरीत ५४ च त्यांच्या बाजूचे होते. दोन वर्षांत खासदारांनीच अविश्वास दाखवला, ९० विरुद्ध ७५, आणि त्यांनी सार्वत्रिक निवडणूक पाहिलीच नाही. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्याबाबतीत उलट घडलं. जून २०१६ मध्ये १७२ खासदारांनी अविश्वास दाखवला, ४० बाजूने राहिले, तरी सप्टेंबरात सभासदांनी त्यांना ६१.८ टक्के मतांनी पुन्हा निवडलं. खासदार आणि सभासद असे दोन दिशांना तोंड करून बसले की रोजचं काम अवघड होतं. कॉर्बिन यांच्यावर निष्ठा असलेल्यांनाही ते सोसावं लागलं.

तिसरं, लेखी आश्वासनं. स्टार्मर यांनी २०२० मध्ये दहा वचनं दिली होती. त्यातलं विद्यापीठाची फी रद्द करण्याचं वचन त्यांनी २०२३ मध्ये सोडून दिलं. सभासदांना जिंकण्यासाठी दिलेला शब्द देशाला जिंकताना टिकेल का, असा प्रश्न सभेत हात वर करून विचारा. तुमचे उच्चार, तुमचं इंग्रजी यांचा संकोच नको.

मत देताना

मतपत्रिका बहुतेकांना ईमेलने येते, मागितली तर टपालाने. ईमेलमध्ये सुरक्षा कोड असतात. ईमेल दिसत नसेल तर स्पॅममध्ये शोधा, पत्ता बदलला असेल तर पक्षाला वेळेत कळवा. इथे नवीन आलेली माणसं वर्षा-दोन वर्षांत घर बदलतातच. कोड कुणालाही पाठवू नका, नवरा-बायकोचीही मतं वेगवेगळी. एकदा दिलेलं मत बदलता येतं का, हे आधी वाचा. २०२२ मध्ये हुजूर पक्ष मत बदलण्याची सोय ठेवणार होता. सायबर सुरक्षा केंद्राच्या सल्ल्यानंतर ती काढली आणि मतपत्रिका पाठवायलाही उशीर झाला.

एकाच वेळी दोन पक्षांचे सभासद होऊ नका. विरोधी पक्षात शिरून कमकुवत नेता निवडायचा, ही कल्पना २०१५ मध्ये काही जणांनी करून पाहिली. पक्ष नावं तपासतात आणि काढून टाकतात. शिवाय ते चुकीचं आहे.

निकाल लागल्यावर

बेडनॉक यांना ५३,८०६ मतं मिळाली, जेनरिक यांना ४१,३८८. एकूण १,३१,६८० सभासदांपैकी ७२.८ टक्क्यांनी मत दिलं. निकाल शनिवारी लागला, आणि पुढच्या बुधवारी त्या विरोधी पक्षनेत्या म्हणून पंतप्रधानांना प्रश्न विचारायला उभ्या होत्या.

त्या दोन-तीन दिवसांतली एक गोष्ट बारकाईने बघा: शॅडो कॅबिनेट, म्हणजे एकेका मंत्र्यावर नजर ठेवणारं विरोधी पक्षाचं 'छाया मंत्रिमंडळ'. हरलेल्या प्रतिस्पर्ध्यांना कुठली जागा मिळते, यावरून नवा नेता पक्ष एकत्र ठेवणार की नाही, हे समजतं. बेडनॉक यांनी जेनरिक यांना न्याय खातं दिलं, स्ट्राइड यांना अर्थ, पटेल यांना परराष्ट्र. क्लेव्हर्ली तेव्हा पदाविना मागच्या बाकांवर गेले.

पंतप्रधानांना प्रश्न विचारण्याचा कार्यक्रम अधिवेशन चालू असताना दर बुधवारी दुपारी बारा वाजता असतो, संसदेच्या संकेतस्थळावर थेट दिसतो. सभागृहात बसून बघायचं असेल तर इथे राहणाऱ्यांना त्याचं तिकीट आपल्या खासदारामार्फत मोफत मिळतं. खासदार कुठल्याही पक्षाचा असला तरी चालतं. मागणी खूप असते, तेव्हा बरंच आधी लिहा.